जिल्ह्याचे दप्तर कोणाच्या राजधानीत?

१/ विकेंद्रित समाजमाध्यम हा विषय आपल्याकडे संगणकशास्त्राचा समजला जातो. या धाग्यात मी तो इतिहासाचा विषय म्हणून मांडणार आहे. निजामाचे टपाल, पुण्याहून निघून मराठवाड्यात येणारे एक साप्ताहिक आणि रामदासी मठांतील पोथ्या, या तीन गोष्टींच्या आधारे एक मत सांगायचे आहे. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने आपले लेखन एकाच मालकाच्या वाड्यात ठेवू नये. त्याला दुसरे घर देण्यासाठी आज साधा ब्राउझर पुरेसा आहे.

२/ आधी आपल्या जिल्ह्याविषयी. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा कागद शोधायचा तर जालना, अंबड, भोकरदनसाठी औरंगाबादची दप्तरे पाहावी लागतात आणि परतूरसाठी परभणीची. १९४८ पूर्वीचे पुष्कळसे साहित्य हैदराबादेत, आजच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात, फारसी आणि उर्दू भाषांत आहे. आमचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या राजधानीत राहत आले.

३/ दप्तर दूर असले म्हणजे केवळ प्रवास वाढतो असे नाही. ते कोणी पाहावे, केव्हा पाहावे, त्यातले काय जपावे आणि काय रद्दीत घालावे, हे सारे निर्णय तिथे होतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पहिल्या वर्षातच उमगते. मात्र स्वतःच्या काळाची नोंद करताना आपण हाच धडा विसरतो.

४/ ताजे उदाहरण घ्या. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्या दिवसाच्या आणि पुढील महिन्यांच्या चित्रफिती, निवेदने, सभांची वृत्ते, बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे युक्तिवाद यांचा फार मोठा भाग खासगी कंपन्यांच्या समाजमाध्यमांवर आहे. आंदोलनाविषयी कोणाचे मत काहीही असो, पन्नास वर्षांनी या काळावर प्रबंध लिहिणाऱ्याची ती प्राथमिक साधने असतील.

५/ ती तेव्हा मिळतील का? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. एका पिढीच्या आंतरजालीय गप्पा, वाद आणि मैत्री त्याच्यासोबत गेल्या. २०२० मध्ये बंगळुरूहून सुरू झालेल्या 'कू'ने भारतीय भाषांना, मराठीलाही, जागा दिली. जुलै २०२४ मध्ये त्याच्या संस्थापकांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. पहिले विदेशी होते, दुसरे स्वदेशी. अंत सारखाच झाला, कारण दोन्हींचे दप्तर एकेका कंपनीच्या हाती होते. स्वदेशी असणे आणि विकेंद्रित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६/ मग विकेंद्रित म्हणजे काय? मॅस्टोडॉन हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. जर्मनीतील ऑयगेन रोच्को या तरुणाने ही प्रणाली २०१६ मध्ये खुली केली. ती एक संकेतस्थळ नाही. कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकेल असे मुक्त सॉफ्टवेअर आहे. असे हजारो सर्व्हर जगभर आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, नियम वेगळे, खर्च वेगळा. तरीही एका सर्व्हरवरचा मनुष्य दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला वाचू शकतो आणि उत्तर देऊ शकतो.

७/ हे ज्या नियमावलीमुळे शक्य होते तिचे नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. इथे प्रत्येकाचा पत्ता दोन भागांचा असतो: आधी व्यक्तीचे नाव, मग सर्व्हरचे. पाकिटावर आपण नाव आणि मुक्काम पोस्ट लिहितो, तसाच. ही तुलना सोयीखातर केलेली नाही. टपालाचा इतिहास पाहिला की विकेंद्रित जाळ्याचे मर्म नेमके कळते.

८/ हैदराबाद संस्थानाने १८६९ मध्ये स्वतःची टपाल तिकिटे काढली. ही तिकिटे संस्थानाच्या हद्दीतच चालत. हद्दीबाहेर पत्र जायचे तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालाचा आधार घ्यावा लागे, आणि सिकंदराबादसारख्या छावणीच्या ठिकाणी त्या टपालाच्या स्वतंत्र कचेऱ्या होत्या. म्हणजे एकाच मुलखात दोन टपाले नांदत होती. निजामाचे तिकीट लावलेले पत्र औरंगाबादेहून जालन्याला निर्वेध येई. मुंबईच्या पत्राला मात्र ते तिकीट पुरेसे नव्हते.

९/ याच काळात शिंद्यांच्या ग्वाल्हेरने दुसरा मार्ग धरला. ग्वाल्हेर, पतियाळा अशा काही संस्थानांनी ब्रिटिश हिंदुस्थानाशी टपालाचा करार केला. त्यांची तिकिटे म्हणजे हिंदुस्थानी तिकिटांवर संस्थानाचे नाव छापलेले असे, आणि ती संस्थानाबाहेर जाणाऱ्या पत्रालाही चालत. संस्थानाचे टपाल खाते संस्थानाकडेच राहिले, पत्राची वाट मात्र मोकळी झाली. आजचे मोठे समाजमाध्यम हे हैदराबादच्या तिकिटासारखे आहे: आत सर्व काही सुरळीत, कुंपणापलीकडे शून्य.

१०/ ग्वाल्हेरची युक्ती जगाच्या पातळीवर १८७४ मध्ये साधली गेली. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी करार करून पुढे जागतिक टपाल संघ म्हणून ओळखली गेलेली संस्था उभारली. हिंदुस्थान १८७६ मध्ये तिच्यात सामील झाला. तत्त्व साधे होते. प्रत्येक देशाचे टपाल खाते स्वतंत्र राहील, पण दुसऱ्या सदस्य देशातून आलेले पत्र तो आपल्या हद्दीत पोहोचवील. पत्रव्यवहारापुरती सर्व सदस्यांची भूमी एकच मानली गेली.

११/ ॲक्टिव्हिटीपब म्हणजे समाजमाध्यमांचा बर्न करार होय. जगाचे एकच टपाल खाते असावे असे बर्नला कोणी म्हटले नव्हते. पुष्कळ खाती असावीत आणि त्यांनी एकमेकांची पत्रे स्वीकारावीत, एवढेच ठरले. या दीडशे वर्षांत साम्राज्ये बुडाली, निजामाचे टपालही १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. पण ती रीत टिकली. संस्थेपेक्षा करार अधिक दीर्घायुषी ठरतो, हा इतिहासाचा अनुभव आहे.

१२/ आता प्रत्यक्ष वापराकडे येऊ. यासाठी ॲप घेण्याची आवश्यकता नाही. ब्राउझरमध्ये एखाद्या सर्व्हरचा पत्ता लिहावा, त्याचे नियम वाचावेत आणि खाते उघडावे. समोर आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या नोंदी कालक्रमाने दिसतात. त्याच सर्व्हरवरील सर्वांच्या सार्वजनिक नोंदी आणि बाहेरून पोहोचलेल्या नोंदी वेगळ्या ठिकाणी पाहता येतात. एका नोंदीची मूळ मर्यादा ५०० अक्षरांची, म्हणजे अशा धाग्याला पुरेशी ऐसपैस.

१३/ नवागत बहुधा एका जागी अडखळतो. दुसऱ्या सर्व्हरवरचा दुवा ब्राउझरमध्ये उघडला की आपण तिथे अनोळखी असतो, कारण आपले खाते त्या गावी नाही. अशा वेळी तिथे नवे खाते काढू नये. त्या व्यक्तीचा दोन भागांचा पत्ता उचलावा आणि आपल्या सर्व्हरवरील शोधचौकटीत टाकावा. ती व्यक्ती आपल्या अंगणात हजर होते आणि तिथूनच तिला फॉलो करता येते. परगावच्या माणसाला पत्र लिहायला त्याच्या गावी जाऊन राहावे लागत नाही, तसेच हे.

१४/ ब्राउझरचा मी एवढा आग्रह का धरतो? अभ्यासिकेतल्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या सामायिक संगणकावर ॲप बसवता येत नाही, जुन्या फोनमध्ये जागा नसते. ब्राउझर मात्र सर्वत्र असतो. त्याहून महत्त्वाचे कारण विद्याशाखीय आहे. इथल्या सार्वजनिक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो आणि ती बहुधा खाते नसलेल्यालाही उघडता येते. जे उघडून पडताळता येते तेच तळटीपेत देता येते. दाराशी ओळखपत्र मागणारे साधन संशोधकासाठी अर्धेच साधन होय.

१५/ टपालाचा दाखला इथे संपतो, कारण टपाल पत्र पोहोचवते. पत्र लिहू द्यायचे की नाही हे ठरवणारी सत्ता निराळी असते. त्यासाठी हैदराबाद संस्थानातील मराठी पत्रकारितेकडे पाहावे लागेल. १९२९ मध्ये संस्थानात 'गश्ती निशाण ५३' हे फर्मान निघाले. त्यान्वये सभा घेण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक झाली. वृत्तपत्रांवरची नजरही तेवढीच कडक होती.

१६/ १९३७ या एकाच वर्षात दोन घटना घडल्या. आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. आणि आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केले. पत्र मराठवाड्याचे, वाचक मराठवाड्यातले, परंतु ते निघे पुण्याहून, निजामाच्या हद्दीबाहेरून. संस्थानाने बंदी घातली की नव्या नावाने पत्र निघे. नावे बदलत गेली, आवाज तोच राहिला.

१७/ वाघमाऱ्यांना ते शक्य झाले, कारण छापखाना आणि वाचक हे दोन वेगळ्या सत्तांखाली होते. संपूर्ण मराठी मुलखात एकच छापखाना असता आणि त्याची किल्ली हैदराबादेत असती, तर नाव बदलून काय साधले असते? अनेक सर्व्हरांच्या जाळ्याचा राजकीय अर्थ नेमका हाच आहे. एका दाराने नकार दिला तर दुसरे दार ठोठावता येते आणि वाचक तुटत नाहीत.

१८/ भारतात हा प्रश्न २०१९ मध्ये चर्चेत आला. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले. त्यामागे १९३६ च्या जर्मनीतील एक प्रसिद्ध छायाचित्रही होते: नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत हात बांधून उभा राहिलेला एक कामगार, ऑगस्ट लँडमेसर. निषेध म्हणून नोव्हेंबरात पुष्कळ भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली तेव्हा जगभरातून दुसरी, अधिक मोठी लाट आली.

१९/ दोन्ही वेळी बहुतेक लोक परत गेले, आणि त्यावरून 'हे चालणार नाही' असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते तो घाईचा आहे. ती माणसे संतापाने आली होती आणि संताप ओसरताच गेली. संतापावर स्थलांतर होते, वसाहत होत नाही. वसाहतीला रोजचे काम लागते. इतिहासलेखनाजवळ तसे काम आहे: एक शिलालेख, एक मोडी कागद, एका गावची हकिकत, रोज थोडी नोंद.

२०/ तिसरा दाखला पोथ्यांचा. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे आजच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या संप्रदायाचे मठ दूरदूर पसरले. प्रत्येक मठाला स्वतःचा महंत, स्वतःचा व्यवहार आणि स्वतःच्या पोथ्या. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात राहिली. पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव मठोमठी हिंडले आणि त्यांनी रामदासी साहित्य गोळा केले. ते गोळा करता आले, कारण सर्व पोथ्या एका ठिकाणी ठेवलेल्या नव्हत्या. एक मठ ओस पडला तरी दुसऱ्याच्या फडताळात प्रत होती.

२१/ विकेंद्रित जाळ्यातही नोंद वाचकांच्या सर्व्हरवर प्रतिरूपाने पोहोचते. पण हुरळून जाऊ नये. ती प्रत सोयीपुरती असते, जतनासाठी केलेली नसते. मूळ लेखकाने नोंद पुसली तर पुसण्याचा संदेशही पाठोपाठ जातो, आणि तो सर्वांनी पाळलाच असेल याची हमी नसते. म्हणजे जपण्याचे वचन नाही आणि विसरण्याचेही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजू ओळखून राहावे.

२२/ इतर मर्यादाही स्पष्ट सांगतो. सर्व्हरचा चालक हा त्या सर्व्हरपुरता सत्ताधीशच असतो. तो खाते बंद करू शकतो, दुसऱ्या सर्व्हरशी व्यवहार तोडू शकतो. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश आरंभापासून अंतापर्यंत कूटबद्ध नसतात. चालकाने ठरवल्यास ते त्याला वाचता येतात. फरक एवढाच की त्याचे राज्य छोटे आहे आणि वेशीला कुलूप नाही. खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवले तर अनुयायी आपोआप सोबत येतात.

२३/ अनुयायी येतात, जुन्या नोंदी मात्र येत नाहीत. त्या मूळ सर्व्हरवरच राहतात, आणि तो बंद पडला तर जातात. सर्व्हर बंद पडतातही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या नामक्षेत्रावर नोंदलेला 'क्विअर.एएफ' हा सर्व्हर तालिबान राजवटीने ते नाव काढून घेतल्यामुळे त्या पत्त्यावर राहू शकला नाही. पत्त्याचे नाव कोणाच्या सार्वभौमत्वाखाली येते, हा प्रश्न एकविसाव्या शतकातही सुटलेला नाही.

२४/ म्हणून ब्राउझरमधील मांडणीतून आपल्या नोंदींचे संपूर्ण दप्तर मागवावे. ही सोय तिथेच दिलेली आहे आणि दर सात दिवसांनी नवी प्रत मागता येते. ती आपल्या संगणकावर ठेवावी, एक ग्रंथालयात द्यावी. रामदासी महंत नकलेसाठी बोरू झिजवत. आपल्याला एक कळ दाबायची आहे. तेवढेही न करणाऱ्याने उद्या दप्तर जळाल्याची तक्रार करू नये.

२५/ आणखी एक भ्रम दूर करायला हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले. अशा वेळी विकेंद्रित जाळे आणि केंद्रित जाळे दोन्ही सारखीच मुकी होतात. रस्ताच बंद झाल्यावर टपालाचा करार कामाला येत नाही. हे जाळे एका कंपनीपासून स्वातंत्र्य देते. राज्यसत्तेच्या अशा निर्णयावर ते उपाय नव्हे.

२६/ आणि अर्थातच, कंपनी म्हणजे निजाम नव्हे. तिथे आपण आपखुशीने गेलो, तिने फुकट जागा दिली आणि मराठवाड्याच्या इतिहासाला कधी नव्हे एवढा वाचकवर्ग मिळाला. ते श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ती माध्यमे सोडा, असे मी म्हणत नाही. मूळ लेखन आधी आपल्या पत्त्यावर ठेवावे आणि मग त्याची प्रत मोठ्या बाजारात पाठवावी, हा क्रम मी सुचवतो. बाजारात दुकान असावे, सातबारा घरी असावा.

२७/ व्यक्तीने इतके करावे. संस्थांनी याहून अधिक करावे. जर्मनीत संघीय माहितीसंरक्षण आयुक्तांचे कार्यालय सरकारी संस्थांसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवत आले आहे. बीबीसीने २०२३ मध्ये स्वतःचा सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर उभारला. संस्थेचा सर्व्हर असला की पत्ताच ओळखपत्र होतो. नावापुढे विद्यापीठाचे नाव आले की तो मनुष्य तिथलाच, हे निळी खूण विकत न घेता सिद्ध होते.

२८/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून आहे, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ पासून. मराठवाड्याच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ग्रामइतिहास लिहिणाऱ्या शिक्षकांसाठी अशा एखाद्या संस्थेने एक छोटा सर्व्हर चालवणे अशक्य नाही. खर्चापेक्षा सातत्याची अडचण मोठी आहे: रात्री बिघडले तर दुरुस्त कोण करील, शिवीगाळ झाली तर निवाडा कोण करील, पदाधिकारी बदलल्यावर किल्ल्या कोणाकडे जातील? ग्रंथालये हे प्रश्न शतकभर सोडवत आली आहेत. म्हणून हे काम मला संगणक विभागापेक्षा ग्रंथपालांचे वाटते.

२९/ जालन्याचा कागद हैदराबादला गेला तेव्हा आपल्याला कोणी विचारले नव्हते. औरंगाबाद आणि परभणीच्या दप्तरांत तो विभागला गेला तेव्हाही नाही. या वेळी मात्र विचारले जात आहे. प्रत्येक नोंद लिहिताना ती कुठे ठेवायची हे आपण स्वतः ठरवतो. अंबडच्या एखाद्या आजींची रझाकारांच्या काळातली आठवण टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्याने ती टिपताना भाषा, तारीख आणि नाव जसे पारखून घ्यावे, तशीच तिची जागाही पारखून घ्यावी.

३०/ धागा इथे पूर्ण होतो. याची मूळ प्रत माझ्या मॅस्टोडॉनच्या पत्त्यावर आहे आणि ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. पुढील धागा हैदराबाद संस्थानाच्या टपाल तिकिटांवरील लिपींविषयी असेल.